घराण्याची वंशावळ आणि कर्करोगाचा वारसा

इतिहासाच्या व्याख्यानमालेत कर्करोग कुठून आला, असं विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी विचारलं. आला तो कुलवृत्तांतातून. पुण्यातल्या जुन्या घरांत, ग्रंथालयांत, कधी कधी रद्दीच्या दुकानातसुद्धा ही जाडजूड पुस्तकं सापडतात. घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कोकणातल्या कुठल्या गावचा, वर देशावर कधी आला, शाखा कुठे कुठे पसरल्या, हे सगळं दहा-दहा, बारा-बारा पिढ्यांपर्यंत छापलेलं असतं. विसाव्या शतकात, विशेषतः पुण्या-मुंबईकडच्या पांढरपेशा घराण्यांनी, या कामासाठी अतोनात कष्ट घेतले. पत्रं पाठवायची, उत्तर आलं नाही की परत पाठवायची, गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, वर्गणी गोळा करायची. हौसेचं काम, पण हौस म्हणून सोडून द्यावं इतकं हलकं नाही.

आता दुसरीकडे बघा. आनुवंशिक कर्करोगाचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे एखादी बाई गेली, की तिथेही पहिलं काम वंशावळ काढण्याचं. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आजार झालेला असेल तर आकृती काळी करायची आणि शेजारी आजाराचं नाव व तो कळला तेव्हाचं वय लिहायचं. निदान तीन पिढ्या, आणि आईकडच्या-वडलांकडच्या दोन्ही. हा कागद समोर असल्याशिवाय रक्त तपासून फारसा उपयोग नसतो, कारण निघालेल्या निष्कर्षाचा अर्थ या कागदाच्या आधारानंच लावायचा असतो.

आम्ही डॉक्टर नाही, जुने कागद वाचणारी माणसं आहोत. तेव्हा वैद्यकाबद्दल बोलू ते सर्वमान्य, प्रसिद्ध माहितीपुरतंच. पण वंशावळ हा आमचा प्रांत आहे, आणि त्याबद्दल आमचं म्हणणं असं की वंशावळी लिहिण्यात मराठी माणूस कुणाला हार जाणार नाही, मात्र त्या वंशावळींत निम्मी माणसं नाहीत. आणि ही निम्मी माणसं नसणं आज एखाद्या चाळिशीतल्या बाईच्या जिवाशी येऊ शकतं.

निम्मी माणसं का नाहीत? वंशावळ मुळात कशासाठी काढली जायची ते बघा. वतनाचा तंटा उभा राहिला, पाटीलकी कुणाची, कुलकर्णपण कुणाचं, देशमुखीत तक्षिमा किती, की गोतसभेपुढे वंशावळ यायची आणि महजरात नोंदली जायची. पुढे इंग्रजी अमलात १८५२च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं, तेव्हा इनामदारांना आपला हक्क कागदानं सिद्ध करावा लागला. पुन्हा वंशावळी. म्हणजे हा मिळकतीचा कागद. ज्याला वाटा मिळणार त्याचं नाव त्यात येणार. लेकीला वतनात वाटा नाही, मग तिचं नाव कशाला? अशा कागदांत एखाद्या पुरुषापुढे ‘निर्वंश’ किंवा ‘नष्टांश’ असा शेरा असतो. त्याला चार मुली असतील, चौघींची घरं भरलेली असतील, नातवंडं-पतवंडं असतील, तरी कागदाच्या लेखी तो निर्वंश. जनुकाला हा शेरा वाचता येत नाही. त्याच्या लेखी त्या माणसाचा वंश चार घरांत चालू आहे.

छापील कुलवृत्तांतांत थोडी सुधारणा झाली, हे मान्य करायला हवं. तिथे लेकींची नावं येतात, दिल्या घरचं आडनाव आणि गाव येतं. पण नोंद तिथेच थांबते. मुलाची नोंद पुढच्या पानावर फांदी होऊन वाढते, मुलीची लग्नमंडपाच्या दारात संपते. पत्नीचं माहेर दिलेलं असतं, तेही एका ओळीत. आणि मृत्यूचं कारण? प्लेग, पानिपत, सर्पदंश अशी ठळक कारणं क्वचित येतात. बायकांच्या बाबतीत बहुधा सालच.

इथे एक गंमत सांगायला हवी. शरीराचा वारसा दोन्हीकडून येतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, रोगांची वर्गवारी आहे. त्यातला पहिला वर्ग ‘आदिबलप्रवृत्त’, म्हणजे शुक्र आणि शोणित यांच्या दोषातून आलेले रोग. त्याचे दोन पोटभेद सांगितलेत, मातृज आणि पितृज. उदाहरणं कुष्ठ आणि मूळव्याधीची आहेत. अर्बुदाचा, म्हणजे गाठींचा विचार वेगळ्या ठिकाणी आहे, त्यामुळे सुश्रुताला आनुवंशिक कर्करोग ठाऊक होता असं कुणी सांगायला लागलं तर कृपा करून मान डोलवू नका. पण आईकडचा आणि बापाकडचा, अशा दोन वाटा त्यानं मांडल्या, एवढं नक्की.

आणि धर्मशास्त्रात विज्ञानेश्वर आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, आपल्या सीमेवरचा माणूस. याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या ‘मिताक्षरे’त त्यानं ‘सपिंड’ शब्दाचा अर्थ लावला तो एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आले ते, असा. बापाच्या शरीरातून आजोबाचे अंश येतात तसे आईच्या शरीरातून मातामहाचे, मामाचे, मावशीचेही नातं जोडतात, असं तो स्पष्ट मांडतो. लग्नासाठी वडलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या वर्ज्य करायच्या या नियमामागे तोच विचार. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात त्याच्या पाच आणि तीन झाल्या, पण दोन्ही बाजू मोजायच्या हे राहिलं. म्हणजे लग्न जुळवताना दोन्ही बाजू मोजल्या आणि मिळकत वाटताना एकच. कागद मात्र मिळकतीचे टिकले.

आणखी एक यादी आपल्याकडे होती. भाद्रपदातलं महालय श्राद्ध आठवा. त्यात वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी येतातच, शिवाय मातामहाच्या तीन पिढ्या येतात, आईची आई येते, आणि पुढे काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, त्यांचे नवरे आणि मुलं यांच्यासह उच्चार होतो. गुरुजी विचारत जातात, यजमान आठवून नाव सांगत जातो. आम्ही सल्ला केंद्रातला तो चौकोन-वर्तुळांचा तक्ता आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तक्त्याला जवळची आहे ती महालयाची यादी. कुलवृत्तांत लांबचा. फक्त श्राद्धात नाव आणि गोत्र विचारतात. काय झालं होतं, कितव्या वर्षी, हे विचारत नाहीत.

आता जरा बाहेर जाऊ. कर्करोग घराण्यातून येऊ शकतो, हे पाश्चात्त्य वैद्यकात ठसलं तेही वंशावळींमुळेच. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये गाठींवरच्या ग्रंथात एका घराण्याची हकीकत दिली. १७८८ पासूनची. त्या घराण्यातल्या दहा बायका स्तनाच्या कर्करोगानं गेल्या होत्या. मूळ स्त्रीचा उल्लेख ते ‘मादाम झेड’ असा करतात. ते ब्रोकांच्या बायकोचंच माहेर होतं असं पुढे अभ्यासकांनी म्हटलं आहे. म्हणजे डॉक्टरही नाव झाकूनच लिहीत होता, हे ध्यानात ठेवा.

नंतरची गोष्ट अमेरिकेतल्या अॅन आर्बरची. १८९५ मध्ये अॅल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला एक शिवणकाम करणारी बाई भेटली. ती म्हणाली, मी पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कर्करोगानं लवकर मरणार, आमच्या घरात सगळे तसेच जातात. झालंही तसंच, गर्भाशयाच्या कर्करोगानं ती गेली. वॉर्थिननं तिचं ऐकून घेतलं, हीच मोठी गोष्ट. दुसऱ्या कुणी ‘बाई, काळजी करू नका’ म्हणून वाटेला लावलं असतं. त्यानं तिच्या घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये ‘फॅमिली जी’ म्हणून छापली. हेन्री लिंच यांनी साठीच्या दशकात अशी आणखी घराणी शोधली, १९७१ मध्ये याच घराण्याचा पुन्हा मागोवा घेतला, आणि आज त्या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. नेमका कुठल्या जनुकात दोष होता ते २००० साली कळलं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितल्यावर एकशे पाच वर्षांनी.

स्तनाच्या कर्करोगाचं जनुक मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. तोवर बहुतेकांना वाटत होतं की एवढ्या गुंतागुंतीच्या आजारामागे एखादं जनुक असणं शक्य नाही. मग प्रत्यक्ष जनुक हातात यायची शर्यत लागली आणि १९९४ मध्ये ती जिंकली यूटा राज्यातल्या गटानं. त्याला आपण बीआरसीए-१ म्हणतो. बीआरसीए-२ लगोलग १९९५ मध्ये सापडलं.

यूटाच का? तिथे मॉर्मन पंथाचे लोक आहेत. पूर्वजांच्या उद्धारासाठी त्यांच्या नावानं विधी करायचे, म्हणून पूर्वजांची नावं शोधायची, असा त्यांचा धर्माचार. सॉल्ट लेक सिटीत त्यांनी वंशावळींचा प्रचंड साठा केला. सत्तरच्या दशकात संशोधकांनी त्या वंशावळी घेतल्या आणि राज्याच्या कर्करोग नोंदणीशी जोडल्या. कुठल्या घराण्यात आजार पुन्हा पुन्हा येतो ते दिसायला लागलं. मृतांसाठी गोळा केलेली नावं जिवंतांच्या उपयोगी पडली. त्यांच्या वंशावळींत आईची बाजू होती, हे इथे फार महत्त्वाचं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला साहजिकच त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या आठवल्या. तीर्थाला गेलेल्या माणसानं सही करून आपल्या पूर्वजांची आणि मुलांची नावं लिहून ठेवायची. तोच हेतू, तेच कष्ट. आणि कर्करोगाची नोंदणीही आपल्याकडे होती! मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी सुरू केली, सत्तरच्या दशकात तिचं काम पुण्यापर्यंत आलं. १९८७ पासून बार्शीला ग्रामीण नोंदणी आहे. म्हणजे सत्तरीच्या पुण्यात एका बाजूला कुलवृत्तांत होते आणि दुसऱ्या बाजूला कर्करोगाच्या नोंदी. दोन्ही एकमेकांना भेटले नाहीत.

का भेटले नाहीत, याचं एक कारण चांगलं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये परळला उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. गोमंतकीय माणूस, भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक. त्यांनी १९४५ मध्ये सूर्याबाईंबरोबर एक निबंध लिहिला, चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर. धोतर कमरेला करकचून बांधल्यानं त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यात आहे. तंबाखू, चुट्टा यांवर त्यांच्या संस्थेनं पुढे खूप काम केलं. ते बरोबरच होतं. आपल्याकडचे असंख्य कर्करोग तंबाखूचे होते आणि आहेत. आजही एकूण कर्करोगांपैकी आनुवंशिक असतात ते शंभरात पाच ते दहा. जिथे आग मोठी तिथे पाणी आधी.

पण दुसरं कारण अवघड आहे. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगला अभ्यास. पण तो ज्या नियतकालिकात आला त्याचं नाव बघा, ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’. सुप्रजननाचं नियतकालिक. १९५४ मध्ये त्यानं ते नाव टाकून ‘ह्यूमन जेनेटिक्स’ घेतलं. कारण उघड होतं. चांगलं बीज आणि वाईट बीज अशी माणसांची वाटणी करून जर्मनीत काय झालं ते जगानं पाहिलं होतं. पुण्याच्या इरावती कर्वे तर त्या भट्टीच्या जवळून आलेल्या. त्यांनी बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच.डी. केली. कवटीच्या ठेवणीत वांशिक श्रेष्ठत्व दिसतं का, हे शोधायचं होतं, आणि बाईंचा निष्कर्ष आला की तसं काही दिसत नाही. गुरूच्या मताविरुद्ध. पुढे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रभर माणसं मोजली, नाती टिपली. जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूह, असं त्या म्हणत. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना छापली.

आता अंतर्विवाही गट म्हटला की आजच्या कर्करोग संशोधकाचे कान टवकारतात. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या, आपसांत लग्नं करणाऱ्या समाजात एखादा दोष पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहू शकतो. अश्केनाझी ज्यूंमध्ये बीआरसीएचे तीन ठरावीक दोष मिळून सुमारे चाळिसात एका माणसात सापडतात. पण म्हणून ‘अमक्या जातीला कॅन्सर असतो’ हे वाक्य आम्ही व्यासपीठावरून उच्चारणार नाही, आणि तुम्हीही चहाच्या टेबलावर उच्चारू नका. मुंबईच्या नोंदणीत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसला, तेव्हा अभ्यासकांनी उशिराची लग्नं, कमी मुलं अशी कारणंही पाहिली. घराण्याचा प्रश्न घराण्यापुरता ठेवावा. जातीला चिकटवला की तो पुन्हा सुप्रजननाच्या वाटेला लागतो.

तरी खरा अडसर विद्यापीठात नव्हता, घरात होता. लग्न. स्थळ बघताना कूळ बघायचं, आणि कुळात काय बघायचं तर कोड आहे का, वेड आहे का, फेफरं आहे का, क्षय आहे का. मनुस्मृतीनं अशी घराणी टाळा म्हणून यादीच दिलीय. त्या यादीच्या धाकानं आजार झाकला गेला. एका मावशीचं नाव निघालं तर तिच्या तिन्ही भाच्यांची लग्नं अडणार, मग कोण बोलेल? आम्ही गेली काही वर्षं कौटुंबिक पत्रं, रोजनिश्या, आठवणी वाचतो आहोत. त्यात ‘कर्करोग’ हा शब्द शोधत बसलात तर फार थोडा सापडेल. ‘पोटात पाणी झालं’, ‘जलोदरानं गेली’ असं सापडेल. ‘अंगावरून जात होतं’, ‘छातीला गळू झालं, ते फुटलं, वर्षभर काढलं’ असं सापडेल. ‘संग्रहणी लागली’, ‘मूळव्याधीचं रक्त जाऊन जाऊन खंगला’ असं सापडेल. मोडी वाचताना जसं अक्षर ओळखावं लागतं तसं हे ओळखावं लागतं. पंचेचाळिशीच्या बाईच्या पोटात पाणी झालं, तर ते अंडाशयाच्या कर्करोगाचं असू शकतं. यकृताचं किंवा क्षयाचंही असू शकतं. गळू खरंच गळू असू शकतं, पण फुटून वर्षभर न भरलेली स्तनावरची जखम बहुधा गळू नसते. चाळिशीतल्या पुरुषाची ‘मूळव्याध’ कदाचित मोठ्या आतड्याचा कर्करोग होती. खात्रीनं सांगता येत नाही. पण तज्ज्ञापुढे हे शब्द जसेच्या तसे ठेवले तर तो योग्य ते प्रश्न विचारू शकतो. म्हणून म्हाताऱ्या माणसानं वापरलेला शब्दच लिहून ठेवा, त्याचं भाषांतर घरी करू नका.

शिवाय नावांचा गोंधळ. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं आणि आपल्याकडे पुष्कळदा नावही. माहेरची द्वारका सासरी सरस्वती होते, भाचरं तिला जिजी म्हणतात. रुग्णालयाच्या कागदावर सरस्वती, माहेरच्या आठवणीत द्वारका, आणि नातवंडांना विचारलं तर जिजीचं नाव काय हे कुणालाच ठाऊक नाही.

आता वारसा नेमका कसा उतरतो ते चार वाक्यांत. बीआरसीए-१ आणि २ ही जनुकं पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारी. प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडलांकडची. त्यातली एक प्रत जन्मतः बिघडलेली असेल, तर ती प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. इथे आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. स्तनाचा कर्करोग म्हणजे आईकडून येणारा, असं गृहीत धरून लोक आई, मावशी, आजी एवढंच सांगतात. वडील धडधाकट असतात, त्यांना काही होत नाही, पण त्यांच्याकडून तो दोष लेकीकडे येऊ शकतो. म्हणून आत्याला विचारा. आत्या हे या विषयातलं सगळ्यात दुर्लक्षित नातं आहे. आणि बीआरसीए-२चा दोष असलेल्या पुरुषांनाही प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो, तेव्हा काकांनाही सोडू नका.

कुठल्या खुणा दिसल्या की सल्ला घ्यावा? पन्नाशीच्या आतला स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांतला, पुरुषाला झालेला. अंडाशयाचा कर्करोग, कुठल्याही वयात. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा. एकाच माणसाला दोन वेगळे कर्करोग. एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना. तपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीची आधी करतात, म्हणजे घराण्यातला दोष नेमका सापडतो आणि मग बाकीच्यांची तपासणी सोपी आणि स्वस्त होते. भावंडांपैकी ज्याच्यात तो दोष नाही, त्याची भीती तिथेच संपते, आणि त्याच्या मुलांचीही. हे फार कुणी सांगत नाही.

दोष सापडला तर? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुख्यतः पाश्चात्त्य घराण्यांच्या, ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता दोन्ही जनुकांत शंभरात सुमारे सत्तर आली. अंडाशयाची बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७. शंभरात सत्तर म्हणजे शंभर नव्हे, पण दुर्लक्ष करावं एवढं कमीही नव्हे. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही, हा एक मार्ग. अंडाशयाच्या बाबतीत मात्र सोनोग्राफी करत राहून जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर थोडं उशिरा, अंडाशय आणि गर्भनलिका काढायचा सल्ला देतात. स्तन काढून टाकायचे की नाही, हा निर्णय ज्या-त्या बाईचा. लिंच असेल तर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, तीही विशीतच सुरू. आणि आजार झालाच असेल, तर पार्प नावाच्या विकराला रोखणारी औषधं याच दोषाचा फायदा घेऊन काम करतात.

कधी कधी अहवालात ‘अर्थ न लागलेला बदल’ असं येतं. जगातली बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून जमलेली असल्यानं आपल्याकडे असे निष्कर्ष जास्त येतात. त्यावर शस्त्रक्रिया करून बसू नये. खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेकमध्ये, आणि पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर यांच्या संयुक्त केंद्रात, भारतीय रुग्णांवर संशोधन चालू आहे. ही माहिती वाढेल तसे हे अर्थ लागत जातील.

विम्याची भीती लोक बोलून दाखवतात, ती अनाठायी नाही. ‘आनुवंशिक आजार’ म्हणून सरसकट दावे नाकारणं भेदभावाचं आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिला. पण अमेरिकेनं २००८ मध्ये केला तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा, असं आमचं मत आहे. लपवाछपवी कमी व्हावी असं वाटत असेल तर बोलणाऱ्याला संरक्षण द्यावं लागेल. नुसतं ‘मोकळेपणानं बोला’ म्हणणं सोपं आहे, ज्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्याला ते सांगून बघा.

आता शेवटी चिठ्ठ्यांमधले दोन प्रश्न घेतो.

पहिला, ‘मुलीला कधी सांगावं?’ अठराच्या आत बीआरसीएची तपासणी करत नाहीत, कारण त्या वयात काही करायचं नसतं आणि निर्णय तिचा असतो. सांगणं मात्र त्याआधीही चालू ठेवता येतं, आजीला काय झालं होतं एवढ्या साध्या शब्दांत. लग्न ठरायच्या आठवड्यात सांगायचं ठेवू नका.

दुसरा प्रश्न असा: ‘आमच्या आजोबांच्या दोन बहिणींबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही. एक तरुणपणी गेली एवढंच ऐकलंय. आता कुठे शोधायचं?’ हा आमच्या धंद्यातला प्रश्न आहे, त्यामुळे जरा उत्साहानं उत्तर देतो. तुमचा कुलवृत्तांत काढा. आजोबांच्या वडलांच्या नोंदीखाली कन्या म्हणून तिचं नाव असेल, आणि पुढे दिल्या घरचं आडनाव आणि गाव. ते घ्या आणि त्या आडनावाचा कुलवृत्तांत मिळतो का ते बघा. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या ग्रंथालयात चौकशी करा. तिथे तुम्हाला ती पत्नी म्हणून भेटेल, सासरच्या नावानं, आणि माहेर म्हणून तुमच्या पणजोबांचं नाव. तिच्या मुलांची नावं असतील, त्यांची गावं असतील, कदाचित मुली कुठे दिल्या तेही असेल. त्या मुलांची नातवंडं आज पुण्यात किंवा न्यू जर्सीत असतील. फोन करताना आधी आपण कोण ते नीट सांगा, द्वारकाबाईंच्या भावाचे नातू म्हणून सांगा. मग विचारा की जिजी कितव्या वर्षी गेल्या, आणि त्यांना काय झालं होतं असं घरात म्हणायचे.